फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया: घरच्यांना पडणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न घरच्या माणसांचे आहेत. पेशंट स्वतः क्वचितच काही विचारतात. असं का, याचं उत्तर पुढे येईलच. मी वाचोपचाराच्या कामात आहे. या आजाराची माणसं माझ्याकडे येतात ती 'बोलताना शब्द सापडत नाहीत' म्हणून. पण तासभर बसलं की घरचे हळूच वागण्याबद्दल बोलायला लागतात, आणि खरं दुखणं तिथेच असतं.

हा आजार नेमका काय आहे?

कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे फ्रंटल लोब आणि कानशिलांच्या आतला भाग म्हणजे टेम्पोरल लोब. या भागांतल्या पेशी हळूहळू मरत जातात आणि ते भाग आक्रसतात. त्यातून जे आजार होतात त्या गटाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, थोडक्यात एफटीडी, म्हणतात. कपाळामागचा भाग बेत आखतो, मनात आलेलं लगेच करण्यापासून आपल्याला आवरतो, समोरच्याला काय वाटत असेल याचा अंदाज बांधतो. टेम्पोरल भाग शब्दांचे अर्थ, वस्तूंची आणि चेहऱ्यांची ओळख सांभाळतो. आजार कुठे सुरू झाला यावर पहिली लक्षणं ठरतात. म्हणून एकाच आजाराचे दोन पेशंट शेजारी बसवले तर त्यांच्यात काहीच सारखं दिसत नाही, असं होऊ शकतं.

प्रागमध्ये काम करणाऱ्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये अशा एका पेशंटचं वर्णन केलं होतं. भाषा हरवत गेलेली, आणि मेंदूचा डावा टेम्पोरल भाग आक्रसलेला. बरीच वर्षं हा आजार त्यांच्याच नावाने, 'पिक्स डिसीज' म्हणून ओळखला जायचा. जुन्या कागदपत्रांत अजूनही ते नाव दिसतं.

अल्झायमर आणि हा आजार यांत फरक काय?

अल्झायमरमध्ये बहुधा आधी आठवण जाते. काल कोण आलं होतं, औषध घेतलं की नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. एफटीडीत सुरुवातीला आठवण बऱ्यापैकी शाबूत असते. काल काय झालं ते सांगता येतं, रस्ते सापडतात, वस्तू कुठे ठेवल्या ते लक्षात असतं. बिघडतं ते तारतम्य, माया किंवा भाषा.

याचा एक त्रासदायक परिणाम होतो. नेहमीच्या प्रश्नावलीत आजचा वार, तारीख, तीन शब्द लक्षात ठेवणं असं विचारतात आणि त्यात या पेशंटला चांगले गुण मिळतात. 'डिमेन्शिया नाही' असं सांगून त्याला घरी पाठवलं जातं. घरचे मात्र रोज वेगळाच माणूस बघत असतात.

हा म्हातारपणाचा आजार आहे का?

नाही. बहुतेकांना तो ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. त्याआधी आणि त्यानंतरही होऊ शकतो. ४५ ते ६४ वयोगटात लाखामागे साधारण १५ ते २२ लोकांना तो असावा असा अंदाज आहे. आकडा लहान वाटतो, पण हे वय नोकरीचं, कर्जाच्या हप्त्यांचं आणि शिकत्या मुलांचं आहे. त्यामुळे एका माणसाच्या आजाराने घराची आर्थिक घडीच विस्कटते. अभिनेता ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने २०२२ मध्ये त्यांना वाचाघात, म्हणजे अफेझिया, असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये एफटीडीचं निदान सांगितलं. त्यानंतर पुष्कळ लोकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं.

स्वभाव बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

वागण्यापासून सुरू होणारा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो. त्याची सहा लक्षणं डॉक्टर बघतात: संयम सुटणं, कशातच रस न वाटणं, दुसऱ्याच्या भावना न कळणं, तेच तेच करत राहणं, खाण्याच्या सवयी बदलणं, आणि नियोजन व निर्णय कोलमडणं. यांतली तीन ठळकपणे दिसली की या आजाराची शंका घेतात. पण घरात ही लक्षणं अशी नावं लावून येत नाहीत.

संयम सुटतो तेव्हा आयुष्यभर मोजून मापून बोलणारा माणूस परक्या बाईच्या लठ्ठपणावर तिच्या तोंडावर शेरा मारतो. रांगेत घुसतो. फोनवर कोणी गोड बोललं की पैसे पाठवून मोकळा होतो. दुकानातली वस्तू खिशात टाकतो आणि पकडल्यावर ओशाळतही नाही. काही घरांत पहिली कुणकुण लागते ती पोलिसांच्या किंवा बँकेच्या फोनने.

निरुत्साह याच्या अगदी उलट दिसतो आणि म्हणून सुटून जातो. माणूस भांडत नाही, त्रास देत नाही, नुसता बसून राहतो. आंघोळीला जा म्हटलं तर जातो, नाही म्हटलं तर आठवडाभर जात नाही. छंद सुटतात, मित्रांचे फोन उचलले जात नाहीत. 'आता वयामुळे शांत झालेत' असं घरचे एकमेकांना समजावतात.

सगळ्यांत जास्त लागतं ते दुसऱ्याचं दुःख न कळणं. एका बाईंनी मला सांगितलं होतं, की त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, वेदनेने ओरडल्या. नवरा दारात आला, त्यांच्याकडे बघितलं, टॉवेल हवा होता तो त्यांच्या अंगावरून वाकून घेतला आणि परत टीव्हीसमोर जाऊन बसला. तीस वर्षांचा संसार. त्या म्हणाल्या, 'मनगट जुळलं, पण ती नजर काही डोळ्यांसमोरून जात नाही.' तेव्हा आजाराचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं. तो माणूस निष्ठुर झाला नव्हता. समोरच्या चेहऱ्यावरची भीती आणि वेदना वाचणारी मेंदूतली यंत्रणा त्याच्यापाशी उरली नव्हती.

तेच तेच करणं म्हणजे एकाच रस्त्याने ठरावीक वेळी फेऱ्या, एकच वाक्य दिवसभर, टाळ्या, मोजणं, कागदाचे कपटे गोळा करून ठेवणं. अडवलं की चिडचिड होते.

ते मुद्दाम असं करतात का?

नाही. हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, बऱ्याचदा रडत. मुद्दाम करायला 'समोरच्याला याने त्रास होईल' हे आधी कळावं लागतं, आणि तेच कळेनासं झालेलं असतं.

कठीण भाग असा, की त्याच माणसाला नियम तोंडी विचारला तर तो बरोबर सांगतो. 'दुकानातून पैसे न देता वस्तू घ्यावी का?' 'नाही, ती चोरी.' आणि दुसऱ्या दिवशी तेच. हे बघून कोणालाही वाटेल की हा नाटक करतोय. पण नियम माहीत असणं आणि ऐन वेळी त्या नियमाने हात अडवणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. पहिलं शिल्लक राहतं, दुसरं जातं. सुरुवातीला ज्या जागी पेशी मरतात त्यांत दोन्ही गोलार्धांच्या मधला अँटिरिअर सिंग्युलेट आणि खोल दडलेला इन्सुला हे भाग येतात. तिथे व्हॉन इकोनोमो नावाच्या मोठ्या, लांबट पेशी असतात, आणि वागण्याच्या प्रकारात त्या लवकर नष्ट होतात.

आपल्याला काही झालंय हे त्यांना कळत नाही का?

वागण्याच्या प्रकारात बहुधा नाही. 'मी ठणठणीत आहे, हिलाच काहीतरी झालंय' असं ते मनापासून सांगतात, कारण स्वतःकडे बघणारा भागच आजारी असतो. पुरावे दाखवून पटवायचा प्रयत्न करू नका. त्यातून फक्त भांडण निघतं. भाषेपासून सुरू होणाऱ्या प्रकारात मात्र, निदान सुरुवातीला, बऱ्याच जणांना कळत असतं आणि ते खचतात. त्यांना धीराची गरज असते. तिथे 'त्याला काही कळत नाही' असं समजून त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलणं क्रूर ठरतं.

विचार करण्यावर काय परिणाम होतो?

बेत आखणं, कामाचा क्रम लावणं, एक काम अर्धं ठेवून दुसरं करणं, चूक दिसल्यावर मार्ग बदलणं, हे सगळं अवघड होतं. हिशेब येतो, पण महिन्याचा खर्च बसवता येत नाही. स्वयंपाकाची प्रत्येक कृती येते, पण चार पदार्थ एका वेळी तयार होत नाहीत.

तपासताना म्हणींचा अर्थ विचारतात. 'नाचता येईना अंगण वाकडे' याचा अर्थ एकाने मला अगदी गंभीरपणे सांगितला: 'मग अंगण सरळ करून घ्यायला हवं.' शब्दामागचा अर्थ निसटलेला असतो. टोमणा कळत नाही, उपरोध खरा वाटतो. दुसरी एक चाचणी म्हणजे एका मिनिटात 'क' ने सुरू होणारे शब्द सांगणं. चार-पाच शब्दांवर गाडी अडते, किंवा तेच शब्द फिरून येतात, किंवा खेळाचा नियमच विसरून 'ख' चे शब्द सुरू होतात. तिसरी हाताची: मूठ, तळहाताची कड, उघडा पंजा असं टेबलावर ओळीने ठेवायचं. आठवण चांगली असलेला माणूसही दोन-तीन फेऱ्यांत नुसती मूठच आपटत बसतो.

भाषेवर कसा परिणाम होतो?

भाषेपासून सुरू होणाऱ्या आजाराला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये पक्षाघात नसताना हळूहळू वाढणाऱ्या अशा वाचाघाताचं वर्णन केलं. एफटीडीत याचे दोन प्रकार येतात आणि ते एकमेकांच्या जवळजवळ उलट आहेत.

पहिल्यात बोलण्याची क्रिया मोडते. शब्द माहीत असतो पण तोंडातून काढताना कष्ट पडतात, ओठ आणि जीभ योग्य जागा शोधत राहतात. एकच शब्द तीन वेळा तीन प्रकारे उच्चारला जातो. वाक्यातले प्रत्यय, क्रियापदांची रूपं गळतात. 'मी काल मुलीकडे गेलो होतो' याचं 'मी... काल... मुलगी... जा' असं होतं. सुटा शब्द कळतो, पण रचनेवर अर्थ अवलंबून असलेलं वाक्य कळत नाही. 'वाघाला सिंहाने मारलं. मेलं कोण?' इथे 'ला' आणि 'ने' यांच्यावरच सगळं उभं असतं, आणि उत्तर चुकतं. पुढे पुढे बोलणं अगदी थांबतं. लिहिणं काही काळ जास्त टिकतं.

दुसऱ्यात बोलणं सुरळीत असतं, व्याकरण ठीक, उच्चार स्पष्ट. जातो तो अर्थ. माझ्यासमोर एक शिक्षिका बसल्या होत्या. मी कात्रीचं चित्र दाखवलं. त्यांनी ते निरखून बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, 'हे मी वापरते. काय म्हणतात ते...' मी सांगितलं, 'कात्री.' नाव सांगितल्यावर शब्द न सुचणाऱ्या माणसाला 'हां, तेच!' असं होतं. त्यांनी मात्र विचारलं, 'कात्री? कात्री म्हणजे काय?' शब्द कानांवर नीट पडला होता, त्यांनी तो नीट उच्चारलाही होता, पण त्याच्या मागे काहीच नव्हतं. मुलाने सांगितलं की घरी त्या त्यांच्या शिवणाच्या डब्यातल्या कात्रीने दोरे अगदी व्यवस्थित कापतात. असंच होतं: रोजच्या हातातली वस्तू वापरता येते, तिचं नाव आणि तिच्याबद्दलचं ज्ञान विरत जातं. आधी 'कोल्हा' जातो आणि त्याला 'कुत्रा' म्हटलं जातं. मग कुत्राही जातो आणि उरतं 'प्राणी', शेवटी 'ते'.

हाच आजार उजव्या टेम्पोरल भागात सुरू झाला तर ओळखीचे चेहरे परके होतात. नातेवाईक दारात उभा राहिला तर ओळख पटत नाही, कधी आवाज ऐकूनही नाही. या पेशंटमध्ये भावनिक थंडपणा आणि हट्टीपणाही लवकर दिसतो.

तिसराही एक प्रकार आहे, ज्यात शब्द शोधताना वारंवार थांबावं लागतं आणि लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणता येत नाही. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमरच असतो. म्हणून कोणता अफेझिया आहे हे ठरवणं नुसतं पुस्तकी नाही, औषधं त्यावर ठरतात.

बोलता येत नाही, पण गाणं म्हणतात. हे कसं?

पाठ झालेलं गाणं, एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार हे न विचार करता बाहेर पडतं आणि नव्या वाक्यापेक्षा जास्त काळ टिकतं. त्यावरून 'मनात आणलं तर बोलू शकतो' असा निष्कर्ष काढू नका. पण सोबत गायला जरूर बसा.

आजार झाल्यावर कोणी चित्रं काढायला लागतं का?

हो, थोड्या पेशंटमध्ये असं दिसलं आहे, विशेषतः डाव्या टेम्पोरल भागाच्या आजारात. भाषा जात असताना रंग आणि आकृत्यांची ओढ वाढते, आणि एकच विषय पुन्हा पुन्हा रंगवला जातो. सगळ्यांना असं होत नाही. ज्याला होतं त्याला कागद आणि रंग द्या.

खाण्याचं काय होतं?

गोडाची ओढ अनावर होते. पोट भरल्याचं कळत नाही, दुसऱ्याच्या ताटातलं उचललं जातं, महिनोन्‌महिने एकच पदार्थ लागतो. वजन भराभर वाढतं. आजार वाढल्यावर न खायच्या वस्तूही तोंडात जातात. इथे उपदेश निरुपयोगी आहे. कपाटाला कुलूप, ताटात मोजकं वाढणं आणि साबण, औषधं, लहान वस्तू नजरेआड ठेवणं, एवढंच खरं चालतं. घाईघाईने तोंड गच्च भरल्याने घास अडकण्याचा धोका असतो, म्हणून लहान तुकडे द्या आणि जवळ बसा.

शरीरावरही परिणाम होतो का?

काहींमध्ये होतो. साधारण १० ते १५ टक्के पेशंटना मोटर न्यूरॉनचा आजार, म्हणजे एएलएस, जडतो. हातापायांची ताकद जाते, स्नायू फडफडतात, गिळणं अवघड होतं. काहींमध्ये पार्किन्सनसारखा ताठरपणा आणि मंदपणा येतो. वारंवार मागच्या मागे पडणं आणि नजर खाली नेता न येणं हे पीएसपी या जवळच्या आजाराचं लक्षण असू शकतं. एकच हात ताठर होऊन मनासारखा चालत नसेल तर कॉर्टिकोबेसल प्रकाराची शंका घेतात. गिळताना ठसका लागत असेल तर वाट बघू नका.

हा आजार कशामुळे होतो?

पेशींमध्ये चुकीच्या घडीची प्रथिनं साचतात. टाऊ आणि टीडीपी-४३ ही त्यांतली मुख्य, आणि बहुतेक पेशंट या दोन गटांत साधारण निम्मे निम्मे विभागले जातात. थोड्यांमध्ये एफयूएस हे तिसरं प्रथिन असतं. ताण, भांडण, 'फार विचार करणं' किंवा घरातलं कोणाचं वागणं यांमुळे हा आजार होत नाही. 'तू त्याला सांभाळलं नाहीस म्हणून' असं सुनेला किंवा बायकोला ऐकवलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं, म्हणून हे इथे स्पष्ट लिहिते.

मुलांना होईल का?

बहुतेक पेशंटच्या घराण्यात ठळक इतिहास नसतो. पण काही घरांत हा आजार एका जनुकातल्या दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, आणि तिथे प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मुख्य जनुकं तीन: १९९८ मध्ये सापडलेलं एमएपीटी, २००६ मधलं जीआरएन म्हणजे प्रोग्रॅन्युलिन, आणि २०११ मधलं सी-९-ओआरएफ-७२. शेवटचं एफटीडी आणि एएलएस दोन्हींना कारण ठरतं. म्हणून इतिहास सांगताना फक्त 'विसराळूपणा कोणाला होता का' एवढंच बघू नका. पन्नाशीत विचित्र वागायला लागलेला काका, वेडसर म्हणून घरात ठेवलेली आत्या, हातपाय गळून गेलेला मामा, हे सगळं सांगा.

रक्ततपासणी करण्याआधी जनुक सल्लागाराशी बोला. निरोगी मुलाने स्वतःची तपासणी करायची की नाही हा त्याचा एकट्याचा निर्णय आहे. आईबापांनी, भावंडांनी त्यासाठी दबाव आणू नये.

निदान कसं होतं, आणि इतका उशीर का लागतो?

एका तपासणीत उत्तर मिळत नाही. घरच्यांची हकीकत, विचारशक्ती आणि भाषेच्या सविस्तर चाचण्या, आणि मेंदूचा एमआरआय यांची सांगड घालावी लागते. एमआरआयवर पुढचे किंवा टेम्पोरल भाग आक्रसलेले दिसतात. सुरुवातीला फोटो नॉर्मलही येऊ शकतो. अशा वेळी पेट स्कॅनवर त्या भागांचा ग्लुकोजचा वापर घटलेला आधी दिसू शकतो. थायरॉइड, बी-१२, संसर्ग, गाठ अशी बरी होणारी कारणं नाहीत ना, हेही बघावंच लागतं.

उशीर होतो कारण पेशंट तक्रार करत नाही, वय कमी असतं, आणि पहिली शंका नैराश्य, बायपोलर, दारू किंवा 'नवरा-बायकोचं पटत नाही' यांवर जाते. लक्षणं सुरू झाल्यापासून निदानापर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात.

हे नैराश्य तर नाही ना?

नैराश्यात दुःख असतं, अपराधीपणा असतं, 'मी कोणाच्या उपयोगाचा नाही' अशी खंत असते. एफटीडीच्या निरुत्साहात माणसाला वाईट वाटत नाही, कशाचंच काही वाटत नाही. हा फरक ढोबळ आहे. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मानसिक आजार उद्भवला, आणि औषधांनी तो हलत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांचं मत घ्या.

औषधं आहेत का?

आजार थांबवणारं किंवा मागे फिरवणारं औषध आज नाही. अल्झायमरसाठी दिलं जाणारं डोनेपेझिल इथे उपयोगी पडत नाही, उलट काहींची अस्वस्थता वाढते. मेमँटिनच्या चाचण्यांतही फायदा दिसला नाही. संयम सुटणं, तेच तेच करणं, हावरटपणा यांवर सर्ट्रालिन किंवा सिटालोप्रामच्या गटातली औषधं आणि ट्राझोडोन काहींना मदत करतात. तीव्र आक्रमकतेसाठीची अँटिसायकोटिक औषधं अगदी जपून दिली जातात, कारण या पेशंटना त्यांनी ताठरपणा लवकर येतो आणि डिमेन्शिया असलेल्या वयस्कांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. चालू औषध स्वतःहून एकदम बंद करू नका. 'स्मृती परत आणतो' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पुड्यांवर पैसे घालवू नका. ते पैसे पुढे मदतनीस ठेवायला लागतील.

घरी त्यांच्याशी कसं वागायचं?

माणूस बदलत नाही, तर परिसर बदला. हे एक वाक्य पाळलं तर अर्धं भांडण संपतं. 'पुन्हा असं करायचं नाही' असं वचन घेण्यात अर्थ नाही, ते वचन ऐन वेळी उपयोगी पडणार नसतं. पैसे उडवतात तर कार्ड हातात ठेवू नका. अनोळखी लोकांना बोलतात तर गर्दीच्या वेळी दुकानात नेऊ नका. फेऱ्या मारायच्याच आहेत तर सुरक्षित रस्त्यावर, ठरल्या वेळी, कोणीतरी सोबत राहून मारू द्या. त्याच फेऱ्यांनी दिवसाला आकार येतो. निरुत्साही माणसाला 'काय करू या?' असं विचारू नका. 'चला' म्हणा आणि चप्पल पुढे ठेवा.

लोकांत जाताना माझ्या ओळखीच्या एक ताई छोटी चिठ्ठी जवळ ठेवतात: 'माझ्या वडिलांना मेंदूचा आजार आहे, त्यामुळे ते असं बोलतात. कृपया समजून घ्या.' वाद न घालता ती समोरच्याच्या हातात देतात. बहुतेक लोक वाचून गप्प होतात, काही मदतही करतात.

बोलणं अडत असेल तर थांबा, वाक्य पूर्ण करायची घाई करू नका, हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा. शब्दांचा अर्थच जात असेल तर वस्तू दाखवून बोला. घरच्या माणसांचे फोटो आणि नावं, रोज लागणाऱ्या वस्तूंची चित्रं अशी वही लवकर करायला घ्या. भाषा बरीच गेल्यावर नवी वही शिकवणं कठीण जातं. मी जे शिकवते त्याने आजार थांबत नाही, पण घरात संवाद जास्त काळ चालू राहतो, आणि ते मोलाचं आहे.

पैसे, गाडी आणि कागदपत्रं?

लवकर करा. सही करण्याइतकी समज आहे तोवर वकिलाला भेटून व्यवहार कोण बघेल, उपचारांचे निर्णय कोण घेईल हे लिहून ठेवा. नोकरीत काही विचित्र निर्णय झाले असतील तर निदानाचा कागद वरिष्ठांपर्यंत पोचवा. 'शिस्तभंग' म्हणून काढलं जाणं आणि आजारपणामुळे निवृत्त होणं यांत घरासाठी फार मोठा फरक आहे. गाडीची किल्ली काढून घेणं सगळ्यांत अवघड जातं. रस्ते लक्षात असतात म्हणून गाडी सुरक्षित चालवतील असं नाही. सिग्नल कळतो, पण थांबावंसं वाटत नाही. हा निरोप डॉक्टरांच्या तोंडून जाऊ द्या.

किती वर्षं काढता येतात?

माणसागणिक खूप फरक पडतो. लक्षणं सुरू झाल्यापासून सरासरी सात-आठ वर्षं धरतात. काही दोन-तीन वर्षांत जातात, काही वीस वर्षं जगतात. एएलएस सोबत असेल तर काळ बराच कमी असतो. मृत्यू बहुधा न्यूमोनियासारख्या संसर्गाने होतो.

लहान मुलांना काय सांगायचं?

खरं सांगायचं. 'बाबांच्या मेंदूला आजार झालाय, त्यामुळे ते ओरडतात किंवा तुझ्याकडे बघत नाहीत. तुझ्यामुळे नाही. आणि तुझ्यावरचं प्रेम आता त्यांना दाखवता येत नाही.' मुलं स्वतःला दोष देतात, म्हणून 'तुझ्यामुळे नाही' हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शाळेतल्या एका शिक्षकाला कल्पना द्या.

मला त्यांचा राग येतो. मी वाईट आहे का?

नाही. समोर तोच चेहरा, तोच आवाज, आणि तुमची विचारपूस करणारं कोणी नाही. माणूस जिवंत असताना त्याच्यासाठी शोक करावा लागतो आणि सांत्वनाला कोणी येत नाही. या आजारात सांभाळणाऱ्यावरचा ताण अल्झायमरपेक्षाही जास्त असल्याचं वारंवार दिसलं आहे. आठवड्यातले काही तास तरी दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देऊन घराबाहेर पडा. झोप लागत नसेल, जीव नकोसा होत असेल तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. मारहाण होत असेल तर आधी मुलांना घेऊन बाजूला व्हा, मग फोन करा. आजार आहे म्हणून मार खायचा नसतो.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना काय न्यायचं?

एक कागद. त्यावर पहिला बदल कोणता आणि साधारण कधी दिसला, त्याआधी स्वभाव कसा होता, आणि अलीकडचे चार-पाच प्रसंग जसे घडले तसे. 'विचित्र वागतात' असं मोघम लिहू नका. 'बहिणीच्या अंत्यविधीत मोठ्याने हसले, जेवण कधी आहे असं विचारलं' असं लिहा. खाणं, पैसे, झोप, पडणं, गिळणं यांबद्दल एकेक ओळ. चालू औषधांची यादी, जुने रिपोर्ट, घराण्यातला इतिहास. बोलण्यात बदल असेल तर जुना आणि नवा असे दोन व्हिडिओ मोबाइलवर ठेवा. पेशंटसमोर हे सगळं बोलणं अवघड जातं, म्हणून कागद आधी आत पाठवा आणि पाच मिनिटं स्वतंत्र मागून घ्या. 'मला काही झालेलं नाही' असं पेशंट ठामपणे सांगेल. तेव्हा त्याला खोडून काढू नका. डॉक्टरांच्या हातात तुमचा कागद असेल.